त्रिज्येएवढं सूत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतेय. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

सुरतेत, गोडादऱ्यातल्या एका मराठी शाळेत मी अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. दहावी झालेली, सायन्स घ्यावं की आर्ट्स अशा पेचातली पोरं मे महिन्यात माझ्या घरी शिकायला यायची. काय दिवस होते ते! शेजारी साड्या विणणाऱ्या लूमची खडखड, वर तापलेला पत्रा, आणि जमिनीवर मांडी ठोकून बसलेली पंधरा पोरं. ओरडूनच शिकवावं लागे. आणि सतत ओरडून बोललं की आपलंच खरं वाटायला लागतं — निदान मला वाटे.

त्या दिवशी रेडियनचे अंश करायचे होते. त्रिज्येएवढा कंस घेतला की केंद्रापाशी होणारा कोन म्हणजे एक रेडियन. तो किती अंशांचा? मी ठोकून दिलं — साठ. लहानपणी कंपासने सहा पाकळ्यांचं फूल काढतो ना आपण, तेच डोक्यात. पण फुलात दोन टोकांमधलं ते अंतर सरळ असतं, कंस वळणावरून जातो. एवढं साधं मला सुचू नये?

रूपालीला सुचलं. तिचे वडील लूमवर कामाला. दुसऱ्या दिवशी ती घरून सूत घेऊन आली. त्रिज्येएवढं तोडलं, वर्तुळावर वळवून बसवलं, कोनमापक ठेवला.

"बाई, साठ भरत नाही. सत्तावन्नच्या जरा पुढे येतंय."

मला तिथल्या तिथे कळलं. एकशे ऐंशीला पायने, म्हणजे ३.१४ने भागायचं, बस्स. पण पंधरा पोरं बघत होती — आणि मी हसले. "सुताने गणित होतं का गं? साड्या वीण त्याच्या." सगळे हसले. तीही हसली.

दोन दिवसांनी मी फळ्यावर सत्तावन्न लिहिलं. म्हटलं, मी हेच सांगितलं होतं, उतरवताना तुम्हीच चुकलात. पोरांनी मुकाट्याने खोडलं. रूपालीने काहीच खोडलं नाही. तिच्या वहीत साठ नव्हतंच.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

सुट्टी संपता संपता तिचे वडील आले. पाळी सुटल्यावर थेट, केसांत सुताचे तुकडे तसेच. "बाई, पोरले सायन्सले टाकू का? तुम्ही सांगशात तसंच करसूत."

तिच्या तोडीचं त्या पंधरांत कुणी नव्हतं. पण सायन्स म्हणजे माझाच वर्ग. दोन वर्षं ती समोर बसून माझ्याकडे बघणार — सगळं माहीत असलेली.

"गणित नाही झेपायचं तिला," मी म्हणाले. "आर्ट्सच बरं."

त्यांनी हात जोडले. "बरं व्हयनं बाई, तुम्ही येळवर सांगं."

जूनमध्ये रूपाली आर्ट्सच्या वर्गात बसली. सायन्सच्या वर्गात मी रेडियन शिकवला, अगदी बिनचूक. कुणी हात वर केला नाही — आणि मला हायसं वाटलं.