टेकडी तळ्यात आली

तळ्याकाठची चिमूटभर माती उचलायची, तळहातावर अंगठ्याने चोळायची, हुंगायची आणि मगच जाळं टाकायचं की नाही ते ठरवायचं, ही त्याची तऱ्हा. कुरखेड्याकडच्या त्या गावात मी ती रोज सकाळी पाहत असे. तो ढिवर. मासे धरी आणि गावाच्या धानाला तळ्याचं पाणीही तोच सोडी. मी लाकडाच्या ठेकेदाराचा मुन्शी. काम टेकडीपलीकडच्या जंगलात, मुक्काम खाली तळ्याकाठी.

त्याचं बोलणं थोडं, आणि त्यातलं निम्मं एकच वाक्य: "कोनाचं कोनावाचून चालत नाई, बाबू." असं म्हणणारे तुम्हालाही भेटले असतील. बहुतेकजण आपलं काम अडलं की म्हणतात. हा ते खरंच मानत होता.

एकदा मी पाणकावळ्यांना खडे मारत होतो. मासे खातात म्हणून. त्याने माझा हात धरला. "खाऊ द्या त्यायले. ते हागते, त्याच्यावर पान्यातले किडे पोसते. अन् किड्यायवर मासा." त्यानंतर दोन दिवस मला मासळी खाववली नाही.

मग मी कपडे धुवायला टेकडीच्या नाल्यातला एक चपटा दगड आणला, तर संध्याकाळी हा दारात हजर. "गोटा काऊन आनला? तो कामावर आहे. पान्याले हळू जा म्हनते." आमचा मुकादमही मजुरांवर इतकी नजर ठेवत नाही, असं म्हणत मी दगड परत नेऊन ठेवला.

सरकार मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, बंद करणार हे ठरलं, तसा मालगुजाराने हातची टेकडी ठेकेदाराला विकून टाकली. येन, धावडा, मोह, एकही झाड उभं ठेवायचं नव्हतं. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे काही मागायला आला.

"सगळं वाचवा म्हनत नाई. नाल्याच्या दोन्ही अंगची झाडं तेवढी सोडा. त्यायच्या मुळ्यायनं माती धरली आहे. माती सुटली तं तळं गेलं. तळं गेलं तं आमी गेलो."

मी "बघतो" म्हणालो. मालकाजवळ मी शब्द काढला नाही, हे आज कबूल करतो. नोकरी नवी होती. चार झाडांसाठी वाईटपणा कोण घेणार? पाडायच्या झाडांवर खूण करणं माझं काम. नाल्याकाठी ती मीच केली.

दरवर्षी तळं भरता भरता पोळा यायचा. त्या साली आषाढातच पाणी बांधाच्या पाळेला लागलं. गाव खूश. नारळ फुटला. "पाहा भाऊ, झाडं गेली तरी तळं भरलं," असं कोणी त्याला चिडवलंही. मीसुद्धा हसलो, माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. तो गुडघाभर तांबड्या पाण्यात उभा होता.

"हे पानी नाई," तो म्हणाला. "टेकडी आली."

आठ दिवसांत मासे उलटे होऊन तरंगू लागले. त्यांचे कल्ले गाळाने भरले होते. दिवाळीच्या आधी, धान निसवत असताना, त्याने पाटाला पाणी सोडलं, तर ते चार दिवस वाहिलं आणि संपलं. टेकडीतून पाऊस थांबल्यावरही झिरपत येणारं पाणी बंद झालं होतं, आणि तळ्याचं पोट मातीने भरलं होतं. लोंब्या उभ्या वाळल्या.

पुढच्या ज्येष्ठात गाव गाळ काढायला उतरलं. पूर्वीचा काळा, पानं कुजलेला गाळ लोक भांडून शेतात नेत. आता निघत होता नुसता मुरूम. तो कोणाला नको होता. चार दिवसांत लोक पांगले. तो आणि त्याची बायको पाऊस लागेपर्यंत टोपल्या वाहत राहिले. दोन मोठ्या सरींत सगळं पुन्हा मुरमाने भरलं.

"टेकडीवर नवी झाडं लावतील," मी उगीच म्हणालो.

"झाडं लावतीन, बाबू. झाडाले माती कोन देईन?"

तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. महिन्याभरात बायकोला घेऊन चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत मजुरीला गेला. जाताना मला सांगायला आला नाही, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही.

माझाही मुक्काम पुढच्या जंगलात हलला. दोन वर्षांनी बाजारात त्या गावचा एक माणूस भेटला. तळ्याचं पाणी आता कोण सोडतं, असं मी विचारलं.

"कोनीच नाई," तो म्हणाला. "सोडाले पानी ऱ्हायते कुठी?"