डावीकडचा दिवा

१४ नोव्हेंबर. संध्याकाळचं काम ठरलेलं: सासूबाईंना चालवून आणणे. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. रोज चालल्या तर बार्शीटाकळीजवळच्या आपल्या घरी एकट्या राहू शकतील, नाही तर कायम आमच्याकडे, अमरावतीत. त्यांना घरी जायचं होतं. मलाही त्या जायला हव्या होत्या. दोघींनाही ते माहीत होतं.

तळ्याकाठच्या बागेत तेव्हा नवे दिवे बसवले होते. पायवाटेच्या दोन्ही कडांना, जमिनीत, ताटाएवढ्या काचा. माणूस चालेल तशा त्याच्या बाजूच्या काचा निळ्या उजळायच्या, तो पुढे गेला की विझायच्या. कुणा कलाकाराचं काम आहे, असं फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं. पोरं त्यावरून नुसती धावत सुटायची.

धरून चालवायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून मी बाकाजवळ थांबले आणि त्यांना एकट्यांना वाटेवर सोडलं. वॉकर उचलायचा, ठेवायचा, मग पाऊल. एकही काच उजळली नाही.

"काय वं," त्या मागे न बघता म्हणाल्या, "माह्यासाठी कावून नाही लागून राहिले?"

बाकावरची एक बाई हसली. "आजी, तुमच्यापुरतीच लाईन गेली वाटते!"

सासूबाईही हसल्या. तेवढ्यात डावीकडची एक काच उजळली. त्यांच्या अर्धं पाऊल पुढे. तिथे कुणी नव्हतं. ती विझली, पुढची उजळली. त्या थांबल्या की उजेड थांबायचा, त्या निघाल्या की निघायचा. उजवी कड तशीच अंधारात. वारा नव्हता, तळ्याचं पाणी हललेलं नव्हतं. बाकावरच्या बाईनं आपली पिशवी उचलली आणि ती गेली.

मी जाऊन त्यांचा दंड धरला.

"तुह्ये मामाजी हायेत," त्या म्हणाल्या. "ते असेच चालत."

सासरे जाऊन वर्ष झालं होतं. ते खरंच असे चालत: बायकोच्या डावीकडून, अर्धं पाऊल पुढे.

फाटकावर चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "मशीन आहे ते, बाई. हालचाल लागते त्याले. एवढं हळू चाललं तं माणूस नाही, झाड समजते."

"आणि डावीकडचे कसे लागले?"

"पाकोळी असन, तळ्यावर खालून उडते."

मी वर पाहिलं. आभाळात एकही पाकोळी नव्हती. पण उत्तर मिळालं होतं, ते घेऊन मी घरी आले.

जेवताना त्यांनी भाकरी बाजूला सारली. "उद्यापासून मी नाही येत चालाले."

"का बरं, आई?"

"ते गेले तरी त्यायच्यासाठी दिवा लागते. मी जित्ती हाव तरी नाही लागत. मंग मी कुठं हाव, सांग."

मी विचारलं, वरण वाढू का.

सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वॉकर कोपऱ्यात. चहा गार झालेला. मी जुन्या साडीचा चमकदार काठ काढला, त्याच्या लांब पट्ट्या कापल्या आणि वॉकर पलंगाजवळ आणून त्याच्या उजव्या दांडीला बांधू लागले.

"हे काय करून राहिली?" त्यांनी कूस वळवून विचारलं.

"झुळझुळ हलेल. तुम्ही आहात हे मशीनला कळायला नको?"

त्यांनी एक पट्टी बोटानं हलवून पाहिली. मग आपल्या आपण उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि वॉकरसाठी हात पुढे केला. मी उरलेल्या पट्ट्या डाव्या दांडीकडे नेल्या.

"तिकडं नको बांधू वं," त्या म्हणाल्या. "तिकडं दिवा लागतेच."

मी बांधल्या नाहीत.