माळावरची मसणवट

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नदीत झिरा उकरायला गेलतो. उन्हाळ्यात आमच्या कसब्याची नदी वरून कोरडी, आतून ओली. वाळूत हातभर खड्डा केला की पाणी पाझरतं, तोच झिरा. मी वाळू उपसायचो, बायको करवंटीनं घागर भरायची. ती म्हणाली, "जरा हळू उपसा की, समदं गढूळ करताव." मी म्हणालो, "मग तू ये हिकडं, मी भरतो." झालं. घागर तिच्या डोईवर दिली आन् घरी आलो.

दुपारी छाती आवळती म्हणाली, भिंतीला टेकली आन् तशीच गेली.

रडायला सवड कुठं? तिरडी बांधेस्तोवर महकम्याचा, म्हंजी सरकारी खात्याचा, शिपाई दारात. तवा निजामाचं राज्य. वाढत्या वस्तीची शिस्त लावायला हैदराबादेहून एक साहेब नकाशा घेऊन आलता. पेठेचा रस्ता रुंद करायचा, तो झाला बी. नवी घरं उंचावर, म्हंजी पुरात जायची न्हाईत. काठची झाडं बिनहुकमी तोडायची न्हाईत. प्यायचं पाणी वरच्या अंगाला, धुणं खालच्या. आन् मसणवट नदीकाठून उठवून माळावर. चावडीत वाचून दाखवलं तवा समद्यांनी माना डोलावल्या. वंगाळ काय होतं त्यात?

"मामा, नदीकाठी जाळता येणार न्हाई," शिपाई म्हणाला. गावातलाच गडी. "माळावर न्या. हुकूम हाय."

"माळावर पाणी हाय का बे?"

"पाण्याचं नकाशात काई न्हाई."

"मग साहेबाला म्हणावं, आदी मरून बघ."

"मला कावून बोलताव? मी काय नकाशा काढला?"

आमच्यात प्रेताला अग्नी दिला की बुडी मारल्याबिगर कुणी उंबरा ओलांडत न्हाई. जुन्या जागेला लागूनच डोह. त्याचं पाणी कुणी पीत न्हाई, पर अंघोळीला बारमास. माळावर नुसते धोंडे आन् कुसळं. चितेभोवती फिरवायची घागर मी घरून भरून नेली. चढाला निम्मी सांडली. पहिल्या फेऱ्याला भोक पाडलं, दुसऱ्याला धार बारीक झाली, तिसऱ्याला घागर ठणठणीत कोरडी. जल्मभर पाणी वाहिलं बाईनं, आन् तिच्या वाट्याला हे! माझं डोस्कं फिरलं ते तितंच.

मग माणसं उभी. इटाळलेल्या अंगानं घरी जाता येईना, माळावर बसून करायचं काय? निघालो समदे डोहाकडं, नव्या रुंद रस्त्यानं, भर बाजारातून. बायांनी लेकरं आत वढली. पिठाचा दुकानदार पोती सरकवीत वरडला, "अरे लांबून जावा की! माझा माल बाटवताव का?"

माझा मेव्हणा, म्हंजी तिचा धाकटा भाऊ, रडता रडता म्हणाला, "रस्ता रुंद केलाय न्हवं साहेबानं? मग तूच सरक की."

काही जण हसले. मला बी हसू आलं आन् लाज वाटली. डोहात बुडी मारली तवा दिवस मावळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच उठलो आन् साहेबाच्या तंबूवर गेलो. तोच शिपाई आडवा आला. "मामा, मागं व्हा."

"हाताला धरून काढ की."

कसा काढंल? मी सुतकी. त्यानं हात मागं घेतला. "असं का छळताव, मामा? नोकरी जाईल माझी."

आवाज ऐकून साहेब भाईर आला. मी म्हणालो, "साहेब, मसणवट न्या कुटं बी. पर माळावर हौद बांधा. माझी गेली, उद्या दुसऱ्याची जाईल. तिला तर पाणी मिळू द्या."

साहेबानं नकाशा आणवला, खाटेवर पसरला आन् हौद कुटं पाहिजे ते इचारलं. मी बोट ठेवलं. भलतीकडंच ठेवलं असंल, मला काय कळतंय त्यातलं. साहेबानं माझं बोट धरलं आन् हळूच माळावर नेऊन ठेवलं.