आमच्या घरातलं 'ट्राय करतो'

मैत्रिणींनो, आज करमाडला आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना.

काका भावाला म्हणाले, "आबाचा जीव तुझ्या आईत अडकलाय. आईला पुण्याला नेतो म्हण."

भावानं हात जोडले. "ट्राय करतो."

"ट्राय काय रे? नेतो म्हण की!"

तो पुन्हा म्हणाला, "ट्राय करतो."

शाळेत बाईंनी शिकवलं होतं, ट्राय म्हणजे प्रयत्न करणं. भावाच्या तोंडी त्याचा अर्थ 'नाही' असाच होत आलाय. आणि लेकीच्या घरी राहायला आई तयार नाही.

शेवटी तीच पुढं झाली. "काळजी करू नका हो. मी राहते इथं एकटी, सुखात."

कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मला रडू आवरेना. आई आबांशी कधी खोटं बोलली नव्हती. त्यांना ते खरं वाटलं असेल का हो?