भरलेल्या लाँचला वाट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर "लाँचवाल्यानं ठोकलं" म्हणून मोकळा व्हायचो. चूक माझी होती.

सैन्यात शिडाची होडी चालवायला शिकलो. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर फायबरची एक जुनी छोटी होडी घेतली आणि कोयनेच्या जलाशयावर नेऊन ठेवली. त्या दिवशी समोरून लाँच आली. पलीकडच्या गावांची माणसं, गॅसच्या टाक्या, दोन शेळ्या. शिडाच्या होडीला इंजिनवाल्यानं वाट द्यायची, हा माझा शिकलेला नियम. त्या पाण्यावरचा नियम वेगळा होता: रिकाम्यानं भरलेल्याला वाट द्यायची. तो मला नवा नव्हता. मी कडेगावकडचा. उसाची भरली ट्रॉली दिसली की रिकामा ट्रॅक्टर कडेला घ्यायचा, हे पाहतच वाढलो. तरी सुकाणू हलवलं नाही. लाँचवाल्यानं शेवटच्या क्षणी लाँच वळवली, तरी माझ्या होडीची डावी बाजू फुटलीच. लाँचमधली माणसं एकमेकांवर पडली, एका बाईचं मनगट मोडलं.

लाँचवाल्यांच्या संघानं चौकशी लावली. मी लिहून दिलं, 'लाँच वेगात होती, मला दिसली नाही.' दोन्ही खोटं. निवृत्त सुभेदाराचा कागद. त्यावर कोण शंका घेणार? लाँचवाल्याला लाँचवरून उतरवलं, त्याचं काम गेलं.

होडी साताऱ्याला घरी आणली आणि तिनं माझा जीव खाल्ला. भोक ताटाएवढं, आणि नेमकं होडी तरंगती ठेवणाऱ्या बंद हवेच्या कप्प्यावर. आतून हातच पोचेना. एसटीचे फायबरचे बंपर दुरुस्त करणारा एक जण "मंगळवारी येतो" म्हणाला. कुठला मंगळवार ते बोलला नाही. शेवटी मीच फायबर सांधायचं रेझिन कालवलं. ते घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं, डब्यातून धूर निघाला आणि ब्रशसकट सगळ्याचा दगड झाला. पुढच्या वेळी कमी घातलं, तर चार दिवस काकवीसारखं चिकटच राहिलं. हवेतली ओल, धुळीनं भरलेली चिकट कापडं, आणि वर शेजाऱ्यांचे सल्ले!

एका सकाळी तोच लाँचवाला दारात उभा. पन्नाशीचा, हातात पिशवी.

"आवं सुभेदारसाब, वरनं कापल्याबिगर आत हात जायाचा न्हाई. आन् ह्ये काय, गूळ केलाय व्हय?"

"तू कसा आलास?"

"घरी बसूनच हाय की. तुमीच बसवलंय."

हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

त्यानं वरून चौकोन कापला, फुटलेल्या कडा घासून निमुळत्या केल्या, आतून काचेच्या धाग्याचं कापड थरावर थर बसवलं. प्रत्येक थर सुकेपर्यंत मला हात लावू देईना. "आवं, दम धरा," म्हणायचा. मी चिडचिड करायचो. रेझिनवर, पावसावर, त्याच्यावरसुद्धा. तिसऱ्या दिवशी चहा देताना बायको फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ज्याचं काम घालवलं, त्याच्याकडनंच करून घेताय?"

जाताना त्यानं मागितलं एवढंच, "तेवढा कागुद बदलून द्या की. बाकी काय नको."

"बघू," म्हणालो. कागद बदलायचा म्हणजे सुभेदार खोटं बोलला, हे स्वतःच्या सहीनं सांगायचं. मी ते केलं नाही. होडी पुन्हा पाण्यात उतरली, लाँचवर दुसरा माणूस आला.

पुढं सातारा स्टँडवर तो भेटला. सांगलीला वॉचमन म्हणून निघाला होता, उन्हात पत्र्याच्या पेटीवर बसला होता. मी शेजारी टेकलो. आज सांगायचंच, असं ठरवलं. तोंडातून निघालं, "जोड पक्का आहे हं. थेंब येत नाही."

"येनारच न्हाई. लाँच कवा बघितली का? बरी चालवतोय का त्यो?"

"बरी चालवतो."

"आसू दे."

गाडी लागली. पेटी मी उचलून दिली. दोन वर्षांनी, सांगलीतच तो वारल्याचं कळलं. आता संघाला खरा कागद लिहून दिलाय. त्यांनी तो घेतला, फाइलला लावला. त्याचा त्याला काय उपयोग?

त्या पेटीवर बसून त्याला म्हणायचं होतं ते इतकंच: तू मला दिसला होतास. वळायला वेळही होता. मी मुद्दाम वळलो नाही, आणि तुझं नाव खराब केलं. मला माफ कर.