कोतवाल बुकात नसलेले उकंडराव

उकंडराव इंझोरीचे, हे इंझोरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला, आणि सरकारला एखादी गोष्ट ठाऊक नसली की ती मुळात नसतेच. अडुसष्ट वर्षांत उकंडरावांची धाव मंगरूळपीरच्या बाजारापर्यंत, तीही वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायला. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला वाशीमला गेले होते, पण परतताना डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे त्यांनी वाशीम पाहिलं असं काही म्हणता येत नाही.

अशा माणसाला परक्यांचा भारी राग. मच्छरदाण्या विकणारा एक बंगाली तीन वर्षांपासून बायकापोरांसह गावात भाड्यानं राहत होता, आणि उकंडरावांच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं. पारावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "कोन, कुठला, काय मालूम! कोनी याचे कागद पायले काय?" त्या माणसानं त्यांचं काही घोडं मारलं नव्हतं. उलट एक मच्छरदाणी उधार दिली होती, आणि उकंडराव तिच्यातच झोपत होते. पण देशाचा प्रश्न निराळा आणि डासांचा निराळा. बाहेरून आलेल्यांचे जन्माचे दाखले तपासा, असा अर्ज ग्रामसभेत निघाला तेव्हा पहिली सही उकंडरावांची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते तेवढंच शिकले होते. ती विद्या त्यांनी पाव कागदभर पसरून ठेवली.

वर असे पुष्कळ अर्ज गेले असावेत. कारण एक दिवस हुकूम आला: उशिरा नोंदवून काढलेले सगळे जन्मदाखले पुन्हा तपासणार. पुरावा द्या, नाहीतर दाखला रद्द, वर खोटी माहिती दिली म्हणून गुन्हा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी चिकटली. मच्छरदाणीवाल्याचं नाव तीत नव्हतं. त्याचा दाखला त्याच्या जन्माच्या चौथ्या दिवशीचा होता. तिसऱ्या नंबरवर होते उकंडराव चंपतराव, राहणार इंझोरी.

या वयात उकंडरावांना जन्माचा दाखला हवा कशाला होता? तर एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी. आधारच्या कॅम्पात मशीनवरच्या पोरानं त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि तारीख ठोकून दिली, एक जानेवारी एकोणीसशे एकोणसत्तर. आमचा अर्धा तालुका एक जानेवारीलाच जन्मला आहे. त्या दिवशी सुइणींचे काय हाल झाले असतील ते देव जाणे. बसल्या जागी बारा वर्षांनी तरुण झाल्याचा उकंडरावांना आधी आनंदच झाला. पुढे बायको बाई म्हणून अर्ध्या तिकिटात आणि आपण पूर्ण तिकिटात, असा प्रवास सुरू झाला तेव्हा तो ओसरला. मग दोन वर्षांपूर्वी एक एजंट गाठून, प्रतिज्ञापत्र करून, खऱ्या सालाचा दाखला काढला. तोच आता गळ्याशी आला.

"दाखला गेला त आधार जाईन," त्यांचा मुलगा गजेंद्र म्हणाला, "आधार गेलं त रेशन, मंग मतदान. आन वरून केस. बाबा, तुमाले काई समजून राह्यलं का?"

उकंडरावांना समजत होतं. ते घाबरले होते. रात्रीपर्यंत पारावर गाजणारा आवाज घरात बसून राहिला.

बापलेक तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकुनानं धूळ झटकत जुनं कोतवाल बुक काढलं. पूर्वी गावचा कोतवाल घरोघरचे जन्म आणि मरणं ज्या वहीत लिहून द्यायचा, ती ही वही. चंपतच्या नावापुढे मुलगा जन्मला, मुलगा मेला. मुलगा जन्मला, मुलगा मेला. असे पाच जन्म आणि पाच मृत्यू, अगदी चोख. सहावा जन्म नव्हता.

नसणारच. पाच लेकरं मातीत घातल्यावर उकंडरावांच्या आईनं एक हिशेब बांधला होता: ज्याचं नाव बुकात गेलं, ते पोर गेलं. तेव्हा सहावं झालं त्या पहाटे तिनं ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारची नवी सून गोजरा ठरल्याप्रमाणे 'सहज' तिकडून आली, तिनं पोर उचललं, आणि पसाभर ज्वारी घेऊन आईला 'विकलं'. पोर कुणाचंच नाही, उकिरड्यावरचं आहे, असं मरणाला वाटावं म्हणून नाव ठेवलं उकंडा. कोतवालाला सांगितलं, चंपतच्या घरी यंदा काही नाही. आई मरेपर्यंत चारचौघांत त्याला कधी लेक म्हणाली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "गोजरीनं देल्ला." असं का ते पोराला ठाऊक होतं, तरी प्रत्येक वेळी लागायचं.

थोडक्यात, यम फसला आणि कोतवालही फसला. यमानं फाईल बंद केली. सरकार अशी कुठलीच फाईल बंद करत नाही.

त्या संध्याकाळी मच्छरदाणीवाला स्वतःहून घरी आला. काखेत प्लास्टिकची फाईल. आजोबाच्या घरपट्टीपासून पोरीच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं तीत लॅमिनेशन करून ठेवलेलं. त्यानं त्यातलं एकेक दाखवलं, ते उकंडरावांना खिजवायला नव्हे, तर नमुना म्हणून. "चाचा, हम लोग घर छोड़ते हैं तो पहले कागज बाँधते हैं, रोटी बाद में," तो म्हणाला. "आप तो कहीं गए ही नहीं, आपको क्या पता. कोई बुजुर्ग गवाह ले जाओ, जिसने आपको पैदा होते देखा हो." उकंडरावांनी त्याला चहा पाजला. पहिली सही कोणाची होती हे त्याला माहीत असावं, असं त्यांना सारखं वाटत राहिलं, आणि त्यांनी त्याचा कप पुन्हा भरला.

जन्म पाहिलेलं माणूस गावात एकच उरलं होतं, शहाऐंशी वर्षांची गोजराबाई.

"तुया जन्माचं मले नाई त कोनाले मालूम!" ती म्हणाली. "चाल, सांगतो मी सायबाले."

सुनावणीला गजेंद्रनं तिला मोटरसायकलवर नेलं. उकंडराव एसटीनं गेले, आणखी एक गुन्हा नको म्हणून पूर्ण तिकीट काढून. साहेब तरुण होते आणि वाईट नव्हते. त्यांना त्या दिवशी चाळीस माणसं इथली आहेत की नाहीत ते जेवणाच्या सुट्टीआधी ठरवायचं होतं, एवढंच. त्यांनी म्हातारीला आणि उकंडरावांना खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "आजी, यांचा जन्म तुमच्यासमोर झाला का?"

कारकुनानं जाडजूड वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. गोजराबाईचं लक्ष त्या वहीकडे गेलं.

"हे कायचं बुक हाय, बाबू?"

"जन्माचं आहे, आजी."

"यात तुमी याचं नाव लिवता?"

"तुम्ही फक्त खरं सांगा, की लगेच लिहितो."

म्हातारी सावरून बसली. तिनं उकंडरावांचं मनगट धरलं. "नाई पायला मी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "हा मले उकिरड्यावर सापडला."

"आईवडील कोण यांचे?"

"मले काय मालूम! कोन टाकून गेलं, कुठलं होतं, देवाले ठाव."

"आजी!" गजेंद्र ओरडला. "काय बोलून राह्यली तू? घरी त सांगत होती ना!"

"तू चूप राय." मग उकंडरावांच्या कानाशी वाकून ती हळूच म्हणाली, "पाच लिवले होते, पाची गेले. तुया मायले मी शब्द देल्ला हाय."

साहेबांनी उकंडरावांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे? साक्षीदार सांगतात ते बरोबर आहे का?"

एक वाक्य बोलायचं होतं. म्हातारी खोटं बोलते, साहेब. सगळा रिवाज समजावून सांगतो. एवढ्यानं कदाचित भागलंही असतं. पण मनगटावरची ती पकड सुटत नव्हती. पोर मरू नये म्हणून आई जे खोटं बोलत आली, तेच म्हातारी अडुसष्ट वर्षांनंतर सरकारसमोर बोलत होती, आणि दोघींचंही आपल्यावर एवढं प्रेम होतं हे उकंडरावांना कचेरीतल्या त्या खुर्चीत पहिल्यांदा नीट कळलं. त्यांचे डोळे भरून आले. साहेबांना ते अपराधीपणाचं लक्षण वाटलं असणार.

"बाई म्हनते तेच खरं हाय, साहेब," उकंडराव म्हणाले.

कारकुनानं लिहिलं: सदर इसम सापडलेला, मूळ अज्ञात, दाखला रद्द. पुढची कारवाई पोलीस ठरवतील, असं सांगून साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

गजेंद्र रागानं मोटरसायकल काढायला निघून गेला. उकंडराव म्हातारीला धरून एकेक पायरी उतरवत होते. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"लिवलं का रे त्यायनं तुयं नाव?"

"नाई. होतं ते खोडलं."

गोजराबाईनं त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. "बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "आता तुले कोनी नेत नाई."