बाहुल्यांचे खिसे

मी पत्रकांवर वाढले. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे. पातूर-बाळापूरच्या बाजारात वाटून उरलेली गुलाबी-पिवळी पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायची. छापील कागद माणसाला कसा धरतो, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात मी आईशी भांडले.

अकोल्यातल्या आमच्या चर्चचं महिला मंडळ युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी कापडी बाहुल्या शिवत होतं. गावोगावची पार्सलं अमरावतीच्या चर्चमध्ये जमून पुढे परदेशी जाणार होती. दुपारी हॉलमध्ये कूलर घरघरायचा. सतरंजीवर जुन्या साड्यांचे तुकडे आणि मधोमध तेल्हाऱ्याहून आलेल्या पिंजलेल्या कापसाचा ढीग. बाहुल्यांच्या तोंडांवरून रोज वाद.

"हे बाहुली हाये का तुही सासू वं? कशी डोळे वटारून राह्यली!"

आई बाहुल्यांचे एप्रन शिवायची. प्रत्येक एप्रनला एक खिसा, अगदी पत्रिकेच्या मापाचा. बायबलमधल्या वचनांची छोटी पत्रिका प्रत्येक बाहुलीसोबत जाईल, हे आईनंच मंडळात ठरवून घेतलं होतं.

मला ते सहन होईना. "ज्या लेकराचं घर पडलं त्याला बाहुली द्या," मी भर मंडळात म्हणाले. "पत्रकच वाटायचं असेल तर बॉम्ब टाकणाऱ्यांना वाटा."

मंडळातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी कपाळाला हात लावला. "पाय बाप्पा! कागदाच्या गठ्ठ्यावर वाढली हे पोट्टी, अन आता मनते कागद नको!"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"तुह्या बापाले जे सांगाचं होतं ते त्यानं गावोगाव वाटलं. मी कवा आडवी आली? मी दवाखान्यात पडली होती तवा मले या वचनानंच धीर देल्ला. मंग मी काहून नाई द्याव?"

तरी मी म्हणालेच, "भेटीला अट लावू नये."

"अट कुठी हाये? कागद हाये."

त्यानंतर घरात चहा वेळेवर मिळत राहिला, बोलणं मात्र तुटलं.

बाहुल्या बांधायच्या दिवशी पत्रिकांचा गठ्ठा सुटला. आईनं पहिली पत्रिका पहिल्या खिशात सरकवली. तंतोतंत बसली. मावशींनी दुसरी उचलली, चष्मा लावला, दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि थांबल्या.

"काय वं, ते तिकडचे लेकरं मराठी वाचतात का?"

एवढं भांडून माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं! मग जे हसू फुटलं, ते थांबेना. मावशींच्या नाकात कापूस गेला. आईसुद्धा हसली, पदरानं डोळे पुसत हसली. हसू ओसरलं तेव्हा ती एप्रनच्या खिशात दोन बोटं घालून तशीच बसली होती.

मी हळूच विचारलं, "खिसे उसवू का?"

"राहू दे."

तिनं ती पत्रिका काढून घेतली. खिशावर तळहात ठेवला, डोळे मिटले, ओठ हलले. मग दुसरी बाहुली. मग तिसरी. कुणी घाई केली नाही. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि एकेक बाहुली तिच्या हातातून घेत गेले.

अमरावतीला आम्ही दोघी एसटीनं गेलो. पार्सलं तपासणाऱ्या बाईंनी एक बाहुली उचलली आणि खिशात बोट घातलं.

"ताई, यात काही टाकायचं राहिलं का?"

मी आईकडे पाहिलं.

"नाई," आई म्हणाली. "लेकरू पळताना काही ना काही मुठीत घेऊन पळालं असन. ते ठेवाले हाये."